गप्प केलेला कुत्रा

ब्रूनो आमच्या घरी आला तेव्हा त्याच्यासोबत एक कापडी पिशवी आली. पिशवीत अर्धं संपलेलं खाणं, स्टीलचं भांडं, लसीकरणाचं पुस्तक, जुना टॉवेल आणि तळाशी एक काळा पट्टा. पट्ट्याला काडेपेटीएवढी डबी, डबीतून बाहेर आलेल्या धातूच्या दोन बोथट खुंट्या. सोबत रिमोट. रिमोटवर तीन बटणं: एकावर घंटीचं चित्र, दुसऱ्यावर थरथरीचं, तिसऱ्यावर विजेचं. वर १ ते १०० आकडे दाखवणारा छोटासा पडदा.

ब्रूनो आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर. घरातली दोघं सकाळी साडेनऊला कामावर जायची आणि साडेसातला परतायची. मधले दहा तास तो दोन खोल्यांत एकटा. लिफ्टचं दार वाजलं की भुंकायचा, आणि पुण्यातल्या सात मजली इमारतीत लिफ्टचं दार दिवसभर वाजतंच. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रारी आल्या, मग सभेत विषय निघाला, मग लेखी पत्र गेलं. कुणा प्रशिक्षकाने हा पट्टा सुचवला. चार दिवसांत भुंकणं बंद झालं. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं. ती शांतता मी वापरली आणि ती कशाने आली हे विचारलं नाही, याची बोच मला आजही आहे.

पुढे त्या कुटुंबाला परदेशी जावं लागलं आणि ब्रूनो आमच्याकडे राहिला. पहिल्याच संध्याकाळी मी दूध गरम करायला ठेवलं. मायक्रोवेव्हने ‘टीं’ केलं आणि ब्रूनो जेवणाच्या टेबलाखाली शिरला. पोट फरशीला टेकलेलं, कान मागे, मान खांद्यांत ओढून घेतलेली. हाक मारली तरी हलेना. नंतर वॉशिंग मशीनने ‘टीं’ केलं, तेव्हा तेच. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरने केलं, तेव्हाही तेच. रिमोटवरचं घंटीचं बटण म्हणजे धक्क्याआधीची सूचना, हे कळायला मला दोन दिवस लागले. पट्टा गळ्यातून निघून महिना झाला होता, पण धक्क्याची वाट पाहणं त्याच्या अंगातून गेलं नव्हतं.

एका रात्री मी तो पट्टा स्वतःच्या मनगटावर आवळून बांधला आणि बटण दाबलं. सुरुवातीला मुंग्या आल्यासारखं वाटलं. आकडा वाढवत गेले तसा एका टप्प्यावर हात आपोआप झटकला गेला, आणि पुढे जायची माझी हिंमत झाली नाही. पण खरी गोष्ट मला त्यानंतर कळली. धक्का कधी येणार हे मला ठाऊक होतं. तो का येतोय हेही ठाऊक होतं. पट्टा काढून टाकणं माझ्या हातात होतं. ब्रूनोकडे या तिन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती.

म्हणून या पट्ट्याबद्दलचा माझा आक्षेप वेदनेपाशी सुरू होत असला तरी तिथे थांबत नाही. कुत्रा भुंकतो, गुरगुरतो, दोरी ओढतो, मांजरामागे धावतो, तेव्हा त्याला काही कारण असतं. ते शोधायला वेळ लागतो, कधी स्वतःच्या दिनक्रमाकडे बोट दाखवावं लागतं. विजेचा पट्टा आपल्याला या शोधातूनच मोकळं करतो. कुत्र्याने विचारलेला प्रश्न तो पुसून टाकतो, आणि उरलेल्या शांततेला आपण शिस्त म्हणू लागतो.

आधी हे यंत्र नीट समजून घेऊ. १९६० च्या दशकात अमेरिकेत शिकारी कुत्र्यांसाठी ते बाजारात आलं, कारण कुत्रा शंभर-दोनशे मीटर पुढे गेला की मालकाचा हात पोचत नसे. आज त्याचे तीन प्रकार दिसतात. एक रिमोटचा. दुसरा भुंकण्यावरचा: घशाची थरथर किंवा आवाज ओळखून पट्टा आपोआप धक्का देतो, घरात माणूस नसला तरी. तिसरा अदृश्य कुंपणाचा: जमिनीखाली तार पुरलेली असते आणि कुत्रा हद्दीजवळ गेला की धक्का बसतो. तिन्हींत खुंट्या केसांतून थेट कातडीला टेकाव्या लागतात, म्हणून पट्टा घट्टच बांधावा लागतो. तो तासन्‌तास राहिला तर त्या जागची कातडी दबून जखम होते. ब्रूनोच्या गळ्याखाली दोन ठिकाणी, हरभऱ्याएवढ्या जागेवर, केस नव्हते. आपल्याकडे हे पट्टे ऑनलाइन सहज मिळतात, आणि विकणारे ‘शॉक’ हा शब्द शक्यतो टाळतात. ‘ट्रेनिंग कॉलर’, ‘अँटी-बार्क’, ‘स्टॅटिक’ अशी नावं असतात. वस्तूचं नाव घ्यायला विकणारा कचरत असेल, तर घेणाऱ्याने एकदा थांबावं.

कुत्रा शिकतो तो मुख्यतः दोन वाटांनी. एक, आपण काय केल्यावर काय मिळालं यातून. दोन, कशाच्या पाठोपाठ काय येतं यातून. पहिली वाट स्किनर यांनी मांडली, दुसरी पावलॉव्ह यांनी. पट्टा विकणारा फक्त पहिलीचा हिशेब सांगतो: भुंकला, धक्का बसला, भुंकणं थांबलं. पण दुसरी वाट कधी बंद नसते. धक्का बसला त्या क्षणी कुत्र्याच्या डोळ्यांसमोर, कानांत, नाकात जे असतं, ते सगळं त्या वेदनेशी जोडलं जाऊ शकतं. बागेत सायकलवरच्या मुलाकडे पाहून कुत्रा उसळला आणि तुम्ही बटण दाबलं. तुमच्या मनात धडा आहे ‘उसळू नकोस’. कुत्र्याच्या मनात धडा असू शकतो ‘सायकलवरचं मूल दिसलं की मान जळते’. पुढच्या वेळी तो त्या मुलाला आणखी घाबरेल, आणि घाबरलेला कुत्रा चावतो.

दिवाळीत हे जास्त ठळक दिसतं. फटाक्यांनी बिथरलेला कुत्रा भुंकतो. गळ्यात आपोआप चालणारा पट्टा असेल तर दर भुंकण्यासरशी धक्का बसतो. आता फटाक्याचा आवाज नुसता भीतीचा राहिला नाही, वेदनेचाही झाला. पट्ट्यातल्या यंत्राला लक्ष्मीपूजनाची रात्र कळत नाही. आनंदाचं भुंकणं, भीतीचं, दुखण्याचं, एकटेपणाचं, सगळं त्याच्या लेखी एकच.

२००४ साली नेदरलँड्सच्या मॅथिज शिल्डर आणि जोआन व्हॅन डर बोर्ग यांनी राखणीच्या कामासाठी शिकवल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३२ कुत्र्यांना धक्का बसला की ते काय करतात, हे त्यांनी टिपलं: विव्हळणं, अंग खाली दबवणं, मान झटकणं, शेपूट पाडणं. मग धक्क्याने शिकवलेल्या आणि तितक्याच कडक पण धक्क्याविना शिकवलेल्या कुत्र्यांची तुलना केली. धक्का खाल्लेले कुत्रे मैदानावर तर दबलेले होतेच. साध्या बागेत, काही शिकवणं चालू नसतानाही, ते जास्त ताणात दिसले. मालक जवळ असणं हीच धक्क्याची सूचना आहे, असं ते शिकले असावेत, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

तो अभ्यास वाचताना मला आमच्या लहानपणीची शाळा आठवली. छडीच्या धाकाने पाढे पाठ झाले, हे खरं. पण रविवारी, बाजारात, शाळेचा काही संबंध नसताना कोपऱ्यावर गुरुजींची सायकल दिसली तरी पोटात गोळा यायचा. छडीने विद्या येते असं सांगणारी म्हण आपल्या घराघरांत होती. मार खाल्लेली माणसंच पुढे ‘आम्हाला मारूनच शिकवलं, काय बिघडलं?’ असं विचारायची. तरीही समाज म्हणून आपण ती छडी खाली ठेवली. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. तो कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. नेमकं त्याच सुमारास, मार्च २०१० मध्ये, वेल्सने कुत्र्या-मांजरांच्या गळ्यातल्या विजेच्या पट्ट्यांवर बंदी आणली. या दोन निर्णयांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण प्रश्न एकच होता: शिकणाऱ्याला घाबरवल्याशिवाय शिकवता येत नसेल, तर उणीव शिकणाऱ्यात असते की शिकवणाऱ्यात?

‘पण काठीने मारण्यापेक्षा हे बरं ना? रस्त्यावरच्या कुत्र्यांना तर लोक दगड मारतात,’ असं मला एका स्नेह्यांनी विचारलं. दगड मारणं वाईटच. पण दगड मारणारा हात दिसतो. कुत्रा पळतो, गाडीखाली शिरतो, त्या माणसाची चाल लक्षात ठेवून पुढच्या वेळी लांबून जातो. पट्ट्याच्या धक्क्यापासून पळायला जागा नसते. तो गळ्यातच असतो. निसटता न येणारी वेदना प्राण्याचं काय करते, हे मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरच्याच, आज वाचवतही नाहीत अशा प्रयोगांत पाहिलं. काहीही केलं तरी थांबवता न येणारे धक्के ज्या कुत्र्यांनी सोसले, त्यांना नंतर अशा पेटीत ठेवलं जिथे बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांनी तो ओलांडलाच नाही. विजेचे झटके सोसत ते पडून राहिले. याला पुढे शिकलेली हतबलता असं नाव मिळालं. ब्रूनो टेबलाखाली निपचित पडायचा, तेव्हा पाहुणे म्हणायचे, ‘किती शहाणा आहे हो!’ मला त्या पेटीतले कुत्रे आठवायचे.

या शांततेतला सर्वांत मोठा धोका गुरगुरण्याबाबत आहे. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना: मला भीती वाटतेय, दुखतंय, पुढे येऊ नकोस. मूल असलेल्या घरात तर ती सूचना सोन्याची. धक्का देऊन गुरगुरणं बंद करता येतं. आतली भीती बंद होत नाही. मग उरतो तो गुरगुरल्याशिवाय चावणारा कुत्रा, आणि घरचे सांगतात, ‘काही कारण नसताना अचानक चावला.’ अमेरिकेतले प्राणिवर्तनतज्ज्ञ रिचर्ड पोल्स्की यांनी २००० साली अदृश्य कुंपणातल्या कुत्र्यांनी माणसांवर गंभीर हल्ले केल्याच्या पाच घटना अभ्यासल्या. हल्ल्यामागे धक्क्याचा हात असण्याची शक्यता त्यांनी त्यात मांडली.

एवढं असूनही हा पट्टा विकला जातो, कारण तो आपल्या शहरी जगण्यातल्या एका अडचणीवर नेमकं बोट ठेवतो. दोघं नोकरीला, प्रवासात दोन-तीन तास, घर लहान, शेजार चिकटून. पिल्लू घेताना आपण गोजिरवाण्या डोळ्यांकडे पाहतो. शिकारीत गोळी लागलेले पक्षी दिवसभर पाण्यातून आणून देण्यासाठी लॅब्रॅडॉरची जात घडवली गेली, हे पाहत नाही. असा प्राणी दहा तास एका खोलीत बसला की त्याची ताकद, त्याचं नाक, त्याचं कुतूहल कुठून तरी बाहेर पडणारच. त्यात ‘तुम्ही अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या व्हा, नाहीतर तो डोक्यावर बसेल’ असं सांगणारे प्रशिक्षक भेटतात. या समजुतीचं मूळ बंदिस्त लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांत आहे. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी अशा लांडग्यांबद्दल लिहिलं आणि डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना लोकांपर्यंत नेली. नंतर मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले. रानातला कळप बहुधा आई, वडील आणि त्यांची पिल्लं असं कुटुंबच असतं, असं १९९९ मध्ये त्यांनी स्वतः लिहिलं आणि पुढे ते जुनं पुस्तक छापणं थांबवावं म्हणून प्रकाशकाला विनंतीही केली. ज्यांनी कल्पना पसरवली त्यांनीच ती मागे घेतली, पण आपल्या बागांमध्ये ती अजून शिकवली जाते.

पट्ट्याच्या बाजूने बोलणारे सगळेच निर्दय नसतात, आणि त्यांचे मुद्दे झटकून टाकण्यासारखे नाहीत.

पहिला मुद्दा: पट्टा काम करतो. काही ठिकाणी करतोच. २०२४ मध्ये अ‍ॅनामेरी जॉन्सन आणि क्लाइव्ह विन यांनी १९ कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेगाने पळणाऱ्या आमिषामागे धावणं थांबवायला शिकवायचं होतं. पट्ट्याच्या गटातले कुत्रे थोड्याच सत्रांत थांबले. खाऊ देऊन शिकवलेल्या दोन्ही गटांतले कुत्रे तेवढ्या सत्रांत थांबले नाहीत. हा निकाल मी मान्य करते. धक्का बसल्यावर ते कुत्रे विव्हळले, हेही त्याच अभ्यासात आहे. पण त्याच्या उलट २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाने ६३ कुत्र्यांवर केलेलं काम आहे. हाकेला न येणं, मेंढ्यांमागे धावणं अशा तक्रारी असलेले हे कुत्रे. यात पट्टा वापरणारे प्रशिक्षक पट्टा बनवणाऱ्या उद्योगानेच सुचवलेले, म्हणजे अनुभवी होते. तरीही पट्ट्याने जास्त काही साधलं असं दिसलं नाही, आणि त्या गटातल्या कुत्र्यांत ताणाच्या खुणा जास्त दिसल्या. म्हणजे एका मर्यादित मैदानात, एका मर्यादित सवयीसाठी पट्टा लवकर परिणाम दाखवू शकतो. त्यावरून पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एकटेपणाने भुंकणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात तो बांधायला आधार मिळत नाही.

दुसरा मुद्दा सर्वांत अवघड आहे, आणि तो न्यूझीलंडमधून येतो. तिथला किवी पक्षी उडू शकत नाही आणि कुत्र्याच्या एका चाव्यात मरतो. १९८७ मध्ये वाइटांगीच्या जंगलात एकट्या मोकाट जर्मन शेफर्ड कुत्रीने सुमारे ९०० पैकी अंदाजे ५०० किवी मारल्याचं मानलं जातं. तिथे कुत्र्यांना किवीचा वास आणि दर्शन टाळायला शिकवण्यासाठी विजेचा पट्टा वापरतात. एकीकडे कुत्र्याला दिलेला क्षणभराचा धक्का, दुसरीकडे एका जातीचं अस्तित्व. माझी तत्त्वं इथे मलाच अडवतात, हे मी कबूल करते. पण या उदाहरणातूनच फरक कळतो. तिथे हे काम ठरावीक प्रशिक्षकांकडून, ठरावीक हेतूने, मोजक्या वेळा होतं. आणि एवढ्यावर कुत्र्याची खात्री देता येत नाही, त्याला बांधूनच ठेवा, असं तिथलं संवर्धन खातंच सांगतं. नष्ट होणारी पक्ष्याची जात आणि लिफ्टच्या दाराचा आवाज या दोन्ही गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत. अपवादाच्या आडोशाने रोजचा वापर पुढे सरकतो, म्हणून तर सावध राहायला हवं.

तिसरा मुद्दा: ‘कमी आकड्यावर दुखत नाही, नुसती गुदगुली.’ याचं उत्तर तर्कातच आहे. शिक्षा अप्रिय नसेल, तर तिने सवय मोडत नाही. पट्टा परिणाम करत असेल तर तो कुत्र्याला टाळावासा वाटण्याइतका नकोसा आहे. नकोसा नसेल तर तो बांधण्याचं काही कारणच उरत नाही.

चौथा मुद्दा: ‘नाहीतर कुत्रा रस्त्यावर सोडावा लागेल.’ हा खरा पेच अनेक घरांत येतो. पण ‘शेवटचा उपाय’ म्हणून आणलेला पट्टा बहुतेकदा पहिला उपाय असतो. त्याआधी पशुवैद्याकडे कान, दात, सांधे तपासून घेतलेले नसतात. दुखणाऱ्या कानावर मूल हात ठेवतं म्हणून गुरगुरणाऱ्या कुत्र्याला धक्का देणं म्हणजे तापाने रडणाऱ्या बाळाचं तोंड दाबणं. आणि रस्त्यावर सोडण्याची वेळ अनेकदा येते ती भित्र्या, चावऱ्या कुत्र्यांवर, म्हणजे ज्यांना धक्क्याने सर्वांत जास्त नुकसान होतं त्यांच्यावरच.

मग करायचं काय? ब्रूनोबाबत आम्ही काय केलं ते सांगते, कारण त्यात जादू काही नव्हती. प्रशिक्षक बदलला. पट्ट्याऐवजी कंबरपट्ट्यात खाऊची पिशवी बांधणाऱ्या एका मुलीने आम्हाला शिकवलं. तिने पहिल्या दिवशी फोनवर अगदी बारीक आवाजात ‘टीं’ वाजवलं आणि दुसऱ्या क्षणी ब्रूनोपुढे पनीरचा नखाएवढा तुकडा ठेवला. त्याने तो खाल्ला नाही. तिने आवाज आणखी कमी केला, इतका की मला ऐकू येईना. मग त्याने खाल्ला. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. आवाज कधी वाढवायचा ते त्याने ठरवायचं: मान खांद्यांत गेली की आपण मागे. नियम पावलॉव्ह यांचाच. ज्या नियमाने ‘टीं’मध्ये धक्का भरला होता, त्याच नियमाने आम्ही त्यात पनीर भरत होतो. फरक इतकाच की धक्का भरायला चार दिवस पुरले आणि तो काढायला सहा महिने लागले.

त्यासोबत त्याचा दिवस बदलला. सकाळी पाऊण तास फिरणं, आणि त्यातला निम्मा वेळ त्याला हवं तिथे हुंगू देणं. खाणं भांड्यात न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवणं, म्हणजे नाकाला काम मिळतं. हाकेला येण्यासाठी दहा मीटरची लांब दोरी. आला की तुकडा, नाही आला तर रागवायचं नाही, दोरी हळूच जवळ घ्यायची. दुपारी दोन तास शेजारच्या कॉलेजातली एक मुलगी त्याच्यापाशी बसू लागली. या सगळ्याला लाड म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की ब्रूनोला आमच्या घरात मर्यादा आहेत. तो जेवणाच्या टेबलावर तोंड घालत नाही, पाहुण्यांच्या अंगावर उडी मारत नाही. या मर्यादा त्याला कळल्या, कारण काय करायचं ते आम्ही दाखवलं. काय करू नये एवढंच सांगणारा पट्टा हे कधीच दाखवू शकत नाही.

कायद्याकडे पाहिलं तर दिशा स्पष्ट आहे. जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २००६ मध्येच असे पट्टे तिथल्या प्राणिसंरक्षण कायद्यात बसत नाहीत असा निकाल दिला. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाने प्राणी सांभाळणाऱ्यावर त्याच्या सुखाची जबाबदारी टाकली आहे आणि अकराव्या कलमाने अनावश्यक वेदना देणं गुन्हा ठरवलं आहे. पण अकराव्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आज तेवढ्यात कुत्र्याचं साधं बिस्किटांचं पाकीट धड येत नाही. आणि एक गोष्ट मला विशेष टोचते. बैलगाडा शर्यतींना परवानगी देताना महाराष्ट्राने जे नियम केले, त्यांत काठी, चाबूक आणि विजेचा धक्का देणारी साधनं वापरायला मनाई आहे. घाटात धावणाऱ्या बैलाला विजेचा धक्का देऊ नये, हे आपण एवढ्या वादानंतर मान्य केलं. तोच धक्का दिवाणखान्यातल्या कुत्र्याच्या गळ्यात रंगीत खोक्यातून येतो तेव्हा आपल्याला तो प्रशिक्षण का वाटतो?

हे पट्टे विकण्यावर आणि वापरण्यावर स्पष्ट बंदी यावी, असं माझं मत आहे. प्रशिक्षक म्हणून काम करणाऱ्यांसाठी किमान पात्रता ठरावी. पण कायदा येईपर्यंत सोसायट्यांनाही करण्यासारखं पुष्कळ आहे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलं आहे, की भुंकणं हे कुत्रा पाळण्यावर बंदी घालायचं कारण होऊ शकत नाही. याचा अर्थ शेजाऱ्यांनी मुकाट सोसावं असा नाही; रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्याचा त्रास खरा असतो. पण तक्रारीचं पत्र पाठवण्याआधी दार वाजवून ‘तो दिवसभर एकटा असतो का? आम्ही काही करू का?’ असं कुणी विचारलं असतं, तर त्या चार दिवसांची गरज पडली नसती. आमच्या इमारतीत हा प्रश्न मी विचारू शकले असते.

परवा दुपारी मायक्रोवेव्हने ‘टीं’ केलं आणि ब्रूनो झोपेतून उठून शेपूट हलवत स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसला. त्याला पनीर दिलं. थोड्या वेळाने लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला. तो दरवाज्यापाशी गेला, कान टवकारले, आणि आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा भुंकला. एकदाच. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. आता काय होणार, याची ती वाट होती हे मला दिसत होतं. मी उठले, त्याच्या शेजारी उभी राहिले, दार उघडलं. समोरच्या आजी भाजीची पिशवी घेऊन आल्या होत्या. ‘आजी आहेत रे,’ मी त्याला सांगितलं. त्याने त्यांची पिशवी हुंगली आणि आत जाऊन पुन्हा झोपला.